आईचा अंगठा

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा ती पंधरा दिवस एका दवाखान्यात होती. सुट्टी मिळताना हातात फक्त एक डिस्चार्ज कार्ड आलं. दुसऱ्या डॉक्टरांनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, सगळी फाइल आणा, त्याशिवाय मी औषध बदलणार नाही. आईचा उजवा हात लुळा, वाचा गेलेली. हातपाय हलतील ते याच दोन-तीन महिन्यांत, असंही ते म्हणाले होते. त्यातला एक महिना असाच गेला होता.

वाळूजच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटली की मी तसाच तेलकट कपड्यांनी दवाखान्याच्या रेकॉर्डच्या खिडकीवर जायचो. पहिल्या दिवशी साहेब जेवायला गेलेले. दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद. तिसऱ्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी सांगितलं की अर्ज पेशंटच्या सहीचाच लागतो, मुलाचा चालत नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाई, तिला सही करता आली असती तर मी इथं झक मारायला कशाला आलो असतो? त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, दादा, नियम आहे. सही होत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा आणा.

अंगठा! आमची आई कन्नड तालुक्यातल्या खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. चाळिशी उलटल्यावर माझ्या बहिणीच्या पाटीवर ती सही शिकली. पुढं रेशन दुकानात कुणी शाईची डबी सरकवली की ठसक्यात म्हणायची, "मी काय अंगठेबहाद्दर नाय."

पुंडलिकनगरला घरी येऊन तिला सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि डाव्या हाताची मूठ आवळली. मी विनवलं. मग ओरडलो, आजारी आईवर. लाज वाटते आता. शेवटी बायकोनं तिचं मनगट धरलं आणि मी एकेक बोट सोडवलं. लई ताकद होती त्या हातात. ठसा थोडा फिसकटला. आईनं तोंड भिंतीकडं केलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अर्ज पाहून परत सरकवला. ठशाखाली पेशंटचं नाव हवं होतं, आणि सही का नाही, त्याचं कारण. आजारपण लिहू का, विचारलं, तर म्हणाल्या, मग डॉक्टरांचा दाखला जोडा, त्याला आठ दिवस.

"सरळ निरक्षर लिहा ना. आजच आत पाठवते."

मागं रांग खोळंबली होती. मी आईचं नाव लिहिलं आणि त्यापुढं निरक्षर असं लिहून दिलं.