साक्षीला नेलेला मामा

बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, आणि कारेगावला उतरायचं सोडून झोपेत थेट शिरूरला जाऊन पोचलो. कंडक्टर पोरसवदा होता. "बाबा, हाका मारल्या की दोनदा," म्हणाला. मारल्या नसणार. पण मीही नोकरीत हेच सांगायचो.

काम नाजूक होतं. माझी भाची मनीषा तीन महिन्यांपासून माहेरी, पाटसला बसली होती. तिचा नवरा संदीप मूळचा कवठे येमाईचा, कारेगावात खोली घेऊन कंपनीत जाणारा. मनीषानेही कंपनीत काम धरलं, त्यावरून भावकीत (भाऊबंदांत) चेष्टा झाली, आणि त्याने चार माणसांदेखत तिच्या तोंडात मारली. आता हाच संदीप दर रविवारी पुरुषांच्या बैठकीला जायला लागला होता, आणि मनीषाला आणायला स्वतः येतो म्हणत होता. इकडे रुसून गेलेल्या बायकोला आणायला दीर जातो, चुलता जातो. नवरा गेला तर गावात त्याचं नाक राहत नाही. मग हा का येतोय? बहीण म्हणाली, "आधी तू बघून ये." लग्नात मनीषाच्या मागे मामा म्हणून मीच उभा होतो. निघालो.

शिरूरला स्टँडजवळ मासवडी खाल्ली (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली, रश्श्यात सोडलेली वडी, नावात मास, पोटात शाकाहार). नाव एक आणि आत भलतंच, हे त्या दिवशी मला बरं लक्षण वाटलं नाही. मग वडापच्या जीपमध्ये (भरेल तशी सुटणारी गाडी) कोंबून घेऊन मागे कारेगावला आलो.

बैठक हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत होती. पुरुषांना आणखी बैठक कशाला हवी? पार त्यांचे, टपऱ्या त्यांच्या. वीसेक जण सतरंजीवर बसले होते; संदीपने मला पाहून शेजारी जागा केली. खाली बसता बसता मी खिशातल्या मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं. पुरावा असलेला बरा.

फाईल घेतलेला एक गृहस्थ बोलत होता. "कायदा समदा बायकांचा हाय. न्यायला स्वतः जायचं. संगं तिच्याकडचाच साक्षीदार घ्यायचा. मोबाईल वरच्या खिशात, कॅमेरा भाईर. ती 'येत न्हाई' म्हणली की पुरावा झाला, बाकीचं वकील बघंल."

मी खिशावरून मोबाईल चाचपला.

कोपऱ्यातले पांढऱ्या मिशांचे आप्पा, कंपनीतून निवृत्त झालेले फिटर, शांतपणे म्हणाले, "न्यायला स्वतःच जावं, पण त्यासाठी न्हवं. चार माणसांत मारलं आसंल तर चार माणसांत चुकलो म्हणावं. मी माझ्या बायकूला कधी म्हणलो न्हाई. आता म्हणायला ती हायच कुठं?"

फाईलवाला हसला. "आप्पा, आशानं बांगड्या भरायची येळ येईल."

सल्ला दोघांचा एकच, स्वतः जा. संदीपने कोणाचा ऐकला होता? तो मान खाली घालून बसला होता. उठताना म्हणाला, "मामा, आत्ताच जाऊ पाटसला. तुम्ही संगं चला."

तिच्याकडचाच साक्षीदार! मी हो म्हटलं, कारण नजरेआड करण्यापेक्षा नजरेसमोर बरा.

त्याच्या मोटारसायकलवर न्हावऱ्याच्या रस्त्याने निघालो. उसाच्या ट्रॉल्यांमागे धूळ खात, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली. पाणी भरपूर होतं, पण मी नदी धड पाहिलीच नाही. चौफुल्याच्या अलीकडे रसवंतीवर थांबलो तेव्हा त्याचा मोबाईल दिसला. वरच्या खिशात. कॅमेरा बाहेर.

"वरच्या खिशात का ठेवता, संदीपराव?"

"खालचा खिसा फाटलाय, मामा. शिवायला कोण हाय?"

स्वतःचा खिसा स्वतःला शिवता येत नाही? मला ते उत्तर पटलं नाही.

पाटसला पोचलो तर ओट्यावर बहीण, दाजी आणि शेजारचे चार जण जमले होते. मी मोटारसायकलवरून उतरलो आणि खिशातल्या खिशात पुन्हा रेकॉर्डिंग चालू केलं. बहिणीने पाय धुवायला पाणी दिलं. संदीपने तांब्या हातातच धरला. मनीषा दारात आली तसा उभ्या उभ्याच बोलला, "भावकीम्होरं हात उचलला, म्हणून हितं समद्यांम्होरं सांगतो. माझं चुकलं. यायचं का न्हाई ते तू ठरव."

ऐकून मलाही बरं वाटलं असतं, पण माझी नजर त्याच्या खिशावरून हलेना. "संदीपराव, आधी तो मोबाईल काढा," मी ओरडलो. "याची शिकवण मी कानांनी ऐकून आलोय!"

मनीषा आत गेली, परात घेऊन आली आणि ओट्यावर ठेवली. "समद्यांनी मोबाईल यात ठेवा," म्हणाली. संदीपने मोबाईल परातीत ठेवला. पडदा काळा होता. दाजींनी ठेवला, तिने स्वतःचा ठेवला.

"मामा, तुमचा?"

माझ्या पडद्यावर लाल ठिपका होता आणि सेकंद पळत होते. सगळ्यांनी पाहिलं. बत्तीस वर्षांत विनातिकीट पकडलेल्यांची तोंडं मला आठवली. लाजेने मान वर होईना.

मनीषाने माझा मोबाईल घेऊन परातीत ठेवला. संदीपला म्हणाली, "आज न्हाई येणार. पुढल्या रविवारी या, मग बोलू." वर म्हणाली, "मामांना आणू नका."

संध्याकाळच्या एसटीने परत निघालो. संदीपचा मोबाईल बंदच होता, की मी ओरडल्यावर काढता काढता त्याने बंद केला, हे मला अजून ठाऊक नाही. शंका जात नाही. पण पुरावा गोळा करणारा एकच माणूस त्या ओट्यावर पकडला गेला, आणि तो मी होतो.

कंडक्टरने पास मागितला. त्याने फोटो पाहिला, माझा चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. एरवी मी भांडलो असतो. त्या दिवशी चेहरा नीट दिसावा म्हणून टोपी काढली.