नवव्या प्रश्नाचं उत्तर

लग्न होऊन मी कोलकात्याला आले, तेव्हा हावडा स्टेशनवर सासऱ्यांनी माझी बॅग हातात घेतली आणि चालता चालता तिच्या तळाला दोन टिचक्या मारल्या. मला वाटलं, सुनेचं कौतुक. कौतुक कसलं, बॅगेला चोरकप्पा आहे का ते बघत होते.

हे आमचे श्यामराव. एकतीस वर्षं खिदिरपूरच्या गोदीत बोटीवरून उतरणाऱ्यांचं सामान तपासलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी टिचक्या थांबलेल्या नाहीत. मासेवाल्यावर त्यांचा विश्वास नाही, हवामानखात्यावर नाही, कुरिअरच्या खोक्यावर तर नाहीच. देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगून मग खातात. असा माणूस घरी रिकामा बसला की घरच्यांची झडती सुरू होते. म्हणून एका सर्वेक्षण कंपनीत त्यांना पडताळणीचं काम मिळालं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला.

काम त्यांच्या स्वभावाचंच होतं. मुलंमुली दारोदार फिरून फॉर्म भरून आणणार, आणि ती खरंच लोकांना भेटली का, हे श्यामरावांनी फोन करून तपासायचं. फॉर्मवर नाव नसतं, फक्त क्रमांक आणि मोबाइल नंबर. या खेपेला विषय होता अंदमानची प्रवाळं. ती वाचवण्यासाठी काही किनारे पर्यटकांना बंद करावेत का, बोटी लांब थांबवाव्यात का, असे आठ प्रश्न. नववा प्रश्न मात्र अडचणीचा होता: तुमच्या घरी समुद्रातून काढलेलं प्रवाळ आहे का? असल्यास कुठून आलं?

आमच्या भागातले चाळीस फॉर्म नूपुर नावाच्या मुलीने भरले होते. शनिवारी सकाळी श्यामरावांनी ते जेवणाच्या टेबलावर पसरले, तासभर फोन केले आणि मला हाक मारली.

"शर्वरी, हे बघ. एकोणचाळीस जण म्हणतात प्रवाळ वाचवा. आणि एकोणचाळीस जणांच्या घरी प्रवाळ नाही. खिदिरपुरात! अंदमानची बोट जिथे लागते तिथे! मी स्वतः पोत्यांनी पकडलंय. कुठेतरी पाणी मुरतंय. पोरीने चहाच्या टपरीवर बसून फॉर्म भरलेत."

"फोनवर लोक काय म्हणाले?"

"म्हणाले, आली होती. पढवून ठेवलंय सगळ्यांना."

"बाबा, आपल्या इमारतीत आलेली मी पाहिलीय तिला."

"तू तिची बाजू का घेतेस? ओळखीची आहे का?"

मला राग आला. ती मुलगी इमारतीतच काय, आमच्या सोफ्यावर बसून गेली होती. दोन ग्लास पाणी प्यायली. बँकेतल्या मराठी माणसाची मुलगी, पण इथेच वाढलेली. "काकू, बस एक सवाल राहिला," म्हणाली. आधीच्या नोकरीतून तिला कमी केलं होतं, ही टिकायलाच हवी, असंही बोलून गेली. नववा प्रश्न ऐकल्यावर माझ्या सासूबाईंनी, मीनाताईंनी, शोकेसकडे पाहिलं. तिथे चांदीच्या गणपतीशेजारी एक पांढरी, फांद्याफांद्यांची वस्तू आहे. मी ती इतके दिवस प्लास्टरची समजत होते. आई म्हणाल्या, "आहे." कुठून आलं, ते मात्र सांगितलं नाही.

हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? आणि न सांगावं तर सोमवारी अहवाल जाणार, आणि नूपुर घरी बसणार.

"हा बघ चाळिसावा," श्यामराव खुशीत ओरडले. "इथे 'आहे' लिहिलंय! खरं वाटावं म्हणून एक घुसडलाय." त्यांनी कंपनीच्या फोनवरून नंबर लावला. बायकोचा नंबर पाठ असायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

स्वयंपाकघरात फोन वाजला.

"नमस्ते, सर्वे ऑफिस से बोल रहा हूँ," श्यामराव म्हणाले.

"बोला," म्हणत आई फोन कानाला लावूनच दारात येऊन उभ्या राहिल्या.

मला हसू आलं असतं, पण श्यामरावांचा चेहरा पाहून आलं नाही. त्यांनी फोन ठेवला नाही. समोरच्या बायकोला ते फोनमधूनच म्हणाले, "नवव्या प्रश्नाला 'आहे' असं उत्तर दिलंत?"

"दिलं."

"कुठून आलं, ती जागा रिकामी आहे."

"ती तुम्ही भरा. बावीस वर्षांपूर्वी पकडलेल्या मालातून आपल्या सौरभच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी कोणी उचलून आणलं, ते मला विचारू नका."

खाई त्याला खवखवे, म्हणतात. इतकी वर्षं या माणसाला जगाच्या बॅगांना चोरकप्पा का दिसत होता, ते मला तेव्हा कळलं, आणि त्यांची दयाही आली.

"इतकी वर्षं बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही सगळ्या जगाला विचारत होतात. मला त्या मुलीने पहिल्यांदा विचारलं."

आई आत गेल्या. श्यामरावांनी पेन उघडलं. रिकाम्या जागेत लिहिलं, 'पडताळणी करणाऱ्याने स्वतः आणले.' मग खाली शेऱ्यात लिहिलं, 'मुलगी घरोघर गेली होती. चाळीसही फॉर्म खरे.' आणि पूर्ण नावाने सही केली.

"चाळीसही?" मी विचारलं. "एकोणचाळीस जण खोटं बोलले असतील की."

"असतील. पण तिने विचारलं, म्हणून तर खोटं बोलले," ते म्हणाले. "आणि 'नाही' कोण म्हणतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"