समासातली पेन्सिल

अमरावतीच्या आमच्या जुन्या वाचनालयात एक नियम होता: पुस्तकात शाईनं लिहायचं नाही, शिसपेन्सिल चालेल. मोठमोठे लेखक तिथल्या सभागृहात बोलून गेले, हे शहर अजूनही छाती फुगवून सांगतं. मला मात्र ती जागा आठवते समासातल्या त्या लिखाणामुळे. एखादा वाचक कडेला लिहायचा, 'ही परत सासरी का गेली?' महिन्याभरानं खाली वेगळ्याच अक्षरात उत्तर असायचं, 'नाहीतर जाणार कुठं?' त्याखाली तिसऱ्याचं भांडण. कोणी कोणाला ओळखत नसे.

माझे बाबा गणिताचे मास्तर. रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायचे. घरात शब्द मोजून वापरणारा हा माणूस समासात मात्र हमरीतुमरीवर यायचा म्हणे. मला ती सवय कधीच आवडली नाही. लग्न होऊन अकोल्याला गेले, तिथं शिक्षिका झाले आणि तीस वर्षं पोरांना बजावत राहिले, पुस्तकं खराब करू नका.

निवृत्त होऊन परत आले, तेव्हा बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. वाचनालयाची जुनी इमारत पाडायचं ठरलं होतं. नव्या इमारतीत खाली दुकानं, वाचनालय तिसऱ्या मजल्यावर. जागा निम्मीच मिळणार, म्हणजे निम्मी पुस्तकं काढणं आलं. ती निवडायचं काम कराल का, असं वाचनालयाच्या समितीनं विचारलं आणि मी हौसेनं हो म्हटलं. नसती उठाठेव म्हणतात ती हीच.

दोन महिने पदर खोचून बसले. माझा नियम सोपा होता. स्वच्छ प्रत ठेवायची, लिहिलेली बाद. पहिल्या चार पानांत पेन्सिल दिसली की पुस्तक डावीकडच्या ढिगात. पुढचं काही वाचायचं नाही, नाहीतर काम कधी उरकणार? तो सगळा ढीग पोत्यांत भरून रद्दीत गेला. समितीनं माझं कौतुक केलं आणि मला ते गोड लागलं, हेही खरं.

उद्घाटनाला जुने ग्रंथपाल आले. नव्वदीला टेकलेले, हातात काठी. त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढलं, पानं चाळली. दुसरं काढलं. मग तिसरं.

"हे तं कोनं वाचलंच नाई वो बाई," ते म्हणाले.

मी ती तिन्ही पुस्तकं परत कपाटात लावली.

"तुमच्या बाबाचं ते निळ्या कापडाचं पुस्तक कुठी हाय? तुमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आले होते. वाचून नोते राहिले, नुसते पान उघडून बसले होते. मंग कडेले काईतरी लिहिलं अन् डोळे पुसून गेले."

"काय लिहिलं होतं, काका?"

"म्या कावून पाहू? ते त्याईचं होतं. मले वाटलं, कधीतरी तुमच्याच हाती लागीन."

निळं कापड मला आठवलं. कोपरे झिजलेले होते. पहिल्याच पानावर पेन्सिल दिसली, म्हणून पुढची पानं उलटायचे कष्टही मी घेतले नव्हते. माझ्या लग्नात बाबा रडले नाहीत, याचा सल मी इतकी वर्षं बाळगून होते. ते रडले होते. काय म्हणून, ते लिहूनही ठेवलं होतं. आणि ते पुस्तक माझ्याच हातानं पोत्यात गेलं.

त्या दिवशी मी एक कोरंकरकरीत पुस्तक घरी आणलं. रात्रभर ते उशाशी होतं. सकाळी शिसपेन्सिल घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा समासात लिहिलं, 'बाबा, काय लिहिलं होतं?' खाली उत्तरापुरती जागा सोडली, आणि पुस्तक परत करून आले.