हायाशी साहेबांचा चहा आणि वाटेतला दगड

आधी हातातला कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल आणि वर मलाच बोल लावाल. माझ्या हातून सिंगापुरात जे घडलंय, ते मी बायकोच्या माहेरी अजून कळू दिलेलं नाही!

दोन हजार चौदाच्या आसपासची गोष्ट. राहायला बुकित बातोक, सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफिस तांजोंग पगारला. माझं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं. ते वाढवायचं की मला पुण्याला परत धाडायचं, हे आमच्या जपानी साहेबांच्या, हायाशींच्या हातात. कंत्राट गेलं की तिथे राहायचा पास गेला, पास गेला की बॅगा भरा! आणि नेमकं अशात साहेबांनी एका जपानी बागेत चहाला बोलावलं. काही जपानी पाहुणे आणि मी. आई पुण्याहून आली होती, म्हणून म्हणाले, "जोशी-सान, आईंनाही आणा."

आठवडाभर इंटरनेटवर वाचत बसलो. जपानी बागेत काहीच उगाच नसतं म्हणे. पांढरी खडी म्हणजे समुद्र, खडक म्हणजे बेट, पाइन म्हणजे दीर्घायुष्य. एवढ्या भांडवलावर बागेत आईपुढे मी असा काही सुटलो, की विचारू नका!

चहाच्या खोलीआधी वाटेला फाटा फुटला. डावीकडच्या वाटेवर मधोमध नारळाएवढा गोल दगड. काळ्या दोरीने चारी बाजूंनी बांधलेला, वर सुबक गाठ.

आई थबकली. "अरे, हा कुठला देव?"

'माहीत नाही' म्हणायला माझं काय जात होतं? पण पुणेकर ना मी! "जपानी लोक दगडात देव मानतात, आई," म्हणून मोकळा झालो.

"मग असा पायवाटेत ठेवतात? कुणाचा पाय लागेल रे! उचल बघू."

"अगं, साहेबांना काय वाटेल..."

"उचल म्हणते ना!"

उचलला. चहाच्या खोलीची पायरी कशी स्वच्छ होती! तिच्यावर मधोमध ठेवला. आईने खाली पडलेलं चाफ्याचं फूल वाहिलं, हात जोडले. मीही जोडले. म्हटलं, देवा, कंत्राटाचं तेवढं बघा.

मग आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. पहिले पाहुणे पायरीपाशी आले, वाकून दगड पाहिला आणि मागे फिरून बाकावर येऊन बसले.

"बघितलंस? नमस्कार केला!" मी आईला म्हटलं.

मग एक जोडपं आलं. तेही वाकलं, तेही फिरलं. बाक भरला, लोक उभे राहिले, पण आत कुणी जाईना! चहाची वेळ झाली. वेळ टळली. एका मिनिटाच्या उशिराला मीटिंग रद्द करणारे आमचे साहेब आत एकटे, आणि बाहेर आम्ही सगळे. सगळे हळूच घड्याळं बघताहेत.

"आत का जात नाहीत रे?" आई कुजबुजली.

"मुहूर्त असेल."

तेवढ्यात दार सरकलं. किमोनोतले हायाशी साहेब. ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी आम्हाला पाहिलं, मग दगड पाहिला, मग फूल.

"हा इथे कुणी ठेवला?"

शेजारचे म्हातारे पाहुणे माझ्या कानाशी लागले. "बांधलेला दगड म्हणजे पुढे वाट बंद. आम्हाला वाटलं, आज चहा रद्द."

डावीकडे बघितलं, तर त्या बंद ठेवलेल्या वाटेवर नवं शेवाळ लावलेलं, आणि त्यावर एक कुटुंब खुशाल फोटो काढत उभं. माळ्याच्या माथी मारावं का, असा नीच विचारही मनात येऊन गेला. खोटं कशाला बोलू?

पण आईला वाटलं, कौतुक चाललंय. तिने माझा हात धरून वर केला. "माय सन! ओन्ली माय सन!"

संपलं. मी मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या.

साहेब आईपुढे वाकले, तिला मानाने आत घेऊन गेले. मागोमाग पाहुणे. मी दगड उचलायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे. त्याला आता फूल वाहिलंय. तुम्ही त्याच्या जागी त्या डावीकडच्या वाटेवर उभे राहा. कुणाला पुढे सोडू नका."

आत आईचा चहा रंगला आणि मी बाहेर भर उन्हात तास-दीड तास वाट अडवून उभा.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. कंत्राट वाढवलं, हो! मी पाया पडायचाच बाकी होतो. तर म्हणाले, "फक्त तुमचं कोडिंगचं काम काढून घेतोय. उद्यापासून टेस्टिंगला जा. दुसऱ्यांचं काम पुढे न जाऊ देणं तुम्हाला छान जमतं."