डाव्या कोपऱ्यातलं रबर

कोल्हापुरात गाडी चालवताना ज्यांना समोरचं स्वच्छ दिसायचं, त्यांतल्या निम्म्यांना ते आमच्या काचवाल्या मिस्त्रींच्या कृपेनं दिसायचं. उद्यमनगरातल्या त्यांच्या टपरीवजा दुकानाचे किस्से मी लग्नकार्यांत, कट्ट्यावर, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा रंगवून सांगितले आहेत. फक्त माझ्या स्वतःच्या गाडीच्या काचेपाशी आलो की मला खोकला यायचा. वीस-बावीस वर्षं मी त्या खोकल्यावर निभावलं. आता वय असं झालंय, की खरा खोकला येतो तेव्हा लोक पाणी आणायला धावतात. म्हणून सांगूनच टाकतो.

मिस्त्री काचेला 'ती' म्हणत. नवी काच आली की बोटानं टकटक करून तिला कान लावत, आणि आवाज पटला नाही तर "ही न्हाय नांदायची" म्हणून परत पाठवत. काच बसल्यावर दिवसभर गाडीचं दार आपटायला बंदी. का, तर ती अजून नवखी असते, दचकते. पेठ वडगावचे एक व्यापारी एकदा "आटपा लवकर" म्हणाले, तर मिस्त्रींनी हातातलं काम खाली ठेवलं. "पावणं, घाई असंल तर बिनकाचंचं जावा की. वारं खात." व्यापारीही कोल्हापूरकडचेच. खरोखर तसेच गेले, आणि तासाभरानं डोळे चोळत, चिलटं थुंकत परत येऊन मुकाट बाकावर बसले.

सगळ्यांत विचित्र म्हणजे त्यांचा दोरीचा नियम. त्या काळच्या गाड्यांची पुढची काच रबरात बसायची. रबराच्या खाचेत दोरी भरायची, काच बाहेरून लावायची, आणि कुणीतरी आत बसून दोरी हळूहळू ओढली की रबराची कड पत्र्यावर चढत जायची. बाकीचे मिस्त्री आत आपला माणूस बसवत. आमचे मिस्त्री गाडीच्या मालकाला बसवत, तेही चपला काढून. "मालकाच्या हातानं आली तर ती टिकती," असं त्यांचं म्हणणं. मोठमोठे डॉक्टर, वकील अनवाणी बसून दोरी ओढताना मी पाहिले आहेत.

मी पाटबंधारे खात्यात होतो. कालव्याला गळती कुठून लागली हे शोधून शेरा मारायचा, यासाठी सरकार मला पगार देत असे. त्यामुळे मिस्त्रींना माझा भारी आदर. "सायब म्हंजे पाण्याचं मानूस," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत, आणि मीही नको नको म्हणत पुन्हा ऐकून घेई.

गारगोटी रस्त्यावर पुढच्या ट्रकच्या चाकातून दगड उडाला आणि माझ्या गाडीच्या काचेची चाळण झाली. दुसऱ्या दिवशी मी अनवाणी आत बसलो. बाहेरून मिस्त्री तळव्यानं काच थापटत होते. "धार काढल्यागत ओढा सायब. हिसका न्हाय." मी आयुष्यात म्हैस दुरूनच पाहिलेली. डाव्या कोपऱ्यात दोरी अडली. दोरी अडली म्हणून हाक मारणं अधिकाऱ्याला शोभेना. मी खिशातली किल्ली काढली, रबराखाली घातली आणि उचकटली. बारीकसा आवाज झाला. बोटभर कड फाटली होती. मी ती अंगठ्यानं दाबून आत सारली. मिस्त्रींनी आतून लाकडी पट्टी फिरवून रबर सारखं केलं, त्यांना ती फाट दिसली नाही. मग बाहेरून पाणी ओतून परीक्षा. आत बसून बघायला अर्थातच पाण्याचं माणूस. कोपऱ्यात एक थेंब आला. तो मी बाहीनं पुसला आणि म्हणालो, "कोरडं ठणठणीत!"

पुढच्याच रविवारी आजऱ्याला बारशाला निघालो. वाटेत सर आली आणि धार बरोबर बायकोच्या मांडीवर. "धरणं सांभाळता ना तुम्ही?" ती म्हणाली. "हे घ्या, माझ्या साडीत धरण झालंय." सोमवारी तिनंच मला दुकानात नेलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर मिस्त्रींना फैलावर घेतलं. त्यांच्या काचेतून आजवर थेंब आला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "सायब सांगतील ते खरं. बसवण्यात चूक हाय का, सायब?"

मी शेरा मारला. "बसवण्यातच आहे."

त्यांनी काच काढली, रबर उलटं केलं, फाटलेली कड बोटांवर धरून कितीतरी वेळ बघत राहिले. "पट्टीच लागली की हो माझी. आन् मला दिसलं न्हाय." किल्ली माझ्या खिशात होती. मी काय बोललो, ते लिहायलाही लाज वाटते. "वय झालं की नजर कमी होतेच, मिस्त्री." वर डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

नवं रबर त्यांनी हट्टानं स्वतःच्या खर्चानं घातलं. दोरीही यावेळी त्यांनीच ओढली. डॉक्टरांकडे चष्म्याचा नंबर निघाला अगदी किरकोळ, पण मिस्त्रींनी चष्मा घेतला तो चांगला जाडजूड काड्यांचा, आणि त्या दिवसापासून पुढच्या काचेला हात लावला नाही. दाराच्या काचा, मागच्या काचा, आरसे तेवढे बसवत. "पुढच्या काचंमागं मानसाचा जीव असतोय," ते येणाऱ्याला सांगत. "दिसत न्हाय त्यानं हात लावू ने. इचारा की सायबास्नी." आणि येणारा शेजारच्या दुकानात जाई. आरसे बसवून काय दुकान चालतं? बाक रिकामं पडू लागलं.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. तीनदा गेलो. पहिल्यांदा गिऱ्हाईक होतं. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून जास्तच भीती वाटली, आणि मी एक धडधाकट आरसा बदलून घेऊन आलो. तिसऱ्यांदा वाक्य पाठ करून गेलो होतो. त्यांनी चहा मागवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुमी सांगितलं म्हनून बरं झालं सायब. न्हायतर माझ्या हातनं कुनाचा तरी जीव गेला असता." मी चहा संपवला. साखर जास्त आहे म्हणालो.

चौथ्यांदा गेलो तेव्हा दुकानात मोबाईलची कव्हरं टांगलेली होती. मिस्त्री लेकीकडे राहायला गेले आणि तिकडंच वारले, असं शेजारच्यानं सांगितलं. त्यानं मग सहज विचारलं, "काय काम होतं, काका?"

मिस्त्री, तुमची पट्टी लागली नव्हती. रबर मी फाडलं, किल्लीनं. तुमचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते.