कूलरमधलं पिपरमिंट

मे महिन्यातल्या एका दुपारी मी कूलरच्या टाकीत पिपरमिंटची अख्खी पुडी ओतली.

आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या गोलबाजारात, जडीबुटीच्या दुकानात पुदिन्याच्या अर्काचे ते काचेच्या सुयांसारखे खडे दिसले. दुकानदार म्हणाला, "भैया, बहुत ठंडा होता है." चटणीतल्या पुदिन्याने जीभ गार होते, तर याने घर का नाही होणार? खडे थंड पाण्यात विरेनात, म्हणून गरम पाण्यात ढवळून ओतले. एवढी अक्कल ऑफिसात लावली असती, तर एव्हाना साहेब झालो असतो.

पाच मिनिटांत मुलगी डोळे चोळत आली. "पापा, आँखें जल रही हैं." बायको नाकाला पदर लावून स्वयंपाकघरातून बाहेर. "काय टाकलं तुम्ही त्याच्यात?"

"औषधी आहे," मी म्हणालो. माझ्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि बाबा बाहेर आले.

आई हिवाळ्यात गेली. तेव्हापासून बाबा अर्धी पोळी खायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टर म्हणाले, तब्येतीत काही नाही, मन लागलं पाहिजे. मन कुठे लागतं ते त्यांनी लिहून दिलं नाही. मी रोज संध्याकाळी विचारायचो, "बाबा, काही लागते का?" ते म्हणायचे, "नाही." मग मी सुटलो म्हणून टीव्ही लावायचो.

त्या दिवशी बाबांनी कूलर बंद केला, खिडक्या उघडल्या, टाकीत वाकून पाहिलं.

"अख्खी पुडी?"

"हो."

"मले विचारलं काहून नाही?"

बाबा वॅगन कारखान्यात फिटर होते. टिनाच्या शेडखाली त्यांच्या खिशात कायम औषधाची एक छोटी शिशी असायची. कुणाचं डोकं दुखलं, कुणाचं नाक चोंदलं, की लोक त्यांच्या खिशाकडे यायचे. हे मला माहीत होतं. पण त्यांना काय लागतं एवढंच मी सहा महिने विचारत होतो. त्यांना काय येतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"मग आता सांगा," मी म्हणालो.

"जाय बाजारात. पिपरमिंट, कापूर आणि ओव्याचं फूल, तेही खडेच असते. तिन्ही सारख्या मापाचे. आणि एका पुडीच्या वर आणू नको."

मी पुन्हा त्याच उन्हात गेलो. दुकानदार हसला, मीही हसलो.

संध्याकाळी बाबांनी तिन्ही खडे एका शिशीत टाकले आणि ती मुलीच्या हातात दिली. "हलव." ती हलवत राहिली. पाण्याचा थेंब न घालता खडे विरघळू लागले आणि शिशीत तेलासारखं पाणी झालं. "दादाजी, ये कैसे हुआ?" बाबा म्हणाले, "या तिघायची दोस्ती आहे. एकटा एकटा कोरडा राहते."

मग एक थेंब दोन चमचे खोबरेल तेलात घालून त्यांनी माझ्या कपाळाला लावला. "डोकं दुखलं तर असा. डोळ्याजवळ नाही. पोटात तर बिलकुल नाही. तान्ह्या लेकराच्या नाकापाशीही नेऊ नको, त्याचा श्वास अडकते."

"आणि पोटात गॅस झाला तर?" बायकोने विचारलं.

"त्याच्यासाठी पान." ते उठून बाल्कनीत गेले. आईच्या कुंडीतला पुदिना बायकोने पाणी घालून जगवला होता. बाबांनी आधी कुंडीतली वाळकी पानं वेचली. मग चार पानं खुडून आणली, चुरडून जिऱ्यासोबत ताकात घातली. "तुले नाही," मला म्हणाले. "तुह्या छातीत जळजळ होते. पुदिन्यानं ते वाढते. तुह्या मायनं तुले कधी देलं का?"

खरंच, आई मला पुदिन्याचं ताक कधी द्यायची नाही. लहानपणी मी तिचा लाडका नाही असं समजून रुसायचो.

बाबांनी स्वतः ताक प्यायलं आणि दोन पोळ्या खाल्ल्या. दुसरी त्यांनी मागून घेतली.

जेवणानंतर बायको भांडी आवरत होती. कूलरची टाकी तीनदा धुऊनही घराला वास येतच होता. मी म्हटलं, "चुकलंच माझं."

ती म्हणाली, "चुकू द्या. आता दर आठ दिवसांनी काहीतरी बिघडवत जा, बाबांना विचारून दुरुस्त करू. तेवढं तर तुम्हाले चांगलं जमते."