घूं आवाज घालवायले कापलेली हिरवी तार

मंडळी, आत्ताच घडलं, म्हणून लगेच लिहूनच टाकते.

संध्याकाळी सक्करदऱ्याला माझ्या लेकीचा, मुक्ताचा कार्यक्रम, अन् तिच्या गिटारचा ॲम्प्लिफायर खरखर करून राहिला होता. नवऱ्याने तो उघडून सैल झालेल्या जॅकला सोल्डरिंगचा डाख मारला. मुक्ता नुकत्याच पुसलेल्या फरशीवर अनवाणी उभी राहून वाजवायला लागली.

"बाबा, हाताले पुन्हा झिणझिण्या येऊन राहिल्या."

"लोखंडी तारा आहेत वं. होईल सवय."

पुन्हा? मी टेस्टर आणून गिटारच्या तारेला टेकवला. दिवा लागला!

"सोड ते गिटार!" मी किंचाळले अन् भिंतीवरचं बटण बंद केलं.

ॲम्प्लिफायरचा प्लग खोलला, तर शॉकपासून वाचवणारी अर्थिंगची हिरवी तार कापून तिला टेप गुंडाळलेला. नवऱ्याने कबूल केलं.

"घूं आवाज येत होता म्हणून मीच कापली होती. लगेच बंद झाला होता ना."

आता तार जोडली. टेस्टरचा दिवा लागत नाही. घूं परत आला, येऊ दे.

पोरगी म्हणे बाबाले रोज सांगत होती. तुमच्या घरी कोण काय सांगून राहिलं, अन् तुम्ही "होईल सवय" म्हणून राहिले?